पद कुणाच्या पैशाचं? विद्यापीठाची जाहिरात वाचताना

सहायक प्राध्यापक, पदे तीन: अजा १, इमाव १, अराखीव १. कनिष्ठ संशोधन छात्र, एक पद, निव्वळ तात्पुरते. तासिका तत्त्वावरील अध्यापक, गरजेनुसार. प्रयोगशाळा सहायक, ठोक मानधन, अकरा महिने.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘भरती’ उघडलं की अशा ओळी एकाखाली एक दिसतात. उन्हाळ्यात निकाल लागले की एम.ए., एम.एस्सी. झालेली मुलं मोबाइल पुढं करून विचारतात, “मॅडम, यातलं कुठलं भरू?” मी त्यांना आधी एकच विचारते: या पदाचा पगार कोण देणार आहे? ते कळलं की बाकीची जाहिरात बरीचशी उलगडते. एक भरती वर्षानुवर्षं का रेंगाळते आणि दुसरी पंधरा दिवसांत का उरकते, नोकरी किती टिकेल, हा अनुभव पुढं धरला जाईल की नाही, हे सगळं पैसा कुठून येतो त्यावर ठरतं.

सगळ्यात मोठी थैली सरकारची. सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक ही नियमित पदं राज्य सरकारने मंजूर केलेली असतात आणि त्यांचा पगार सरकारी अनुदानातून येतो. विद्यापीठात किती पदं असावीत याचा आराखडा ठरलेला असतो, त्याला आकृतिबंध म्हणतात. एखादे सर निवृत्त झाले की त्यांची खुर्ची रिकामी होते, पण ती भरायची परवानगी आपोआप मिळत नाही. उच्च शिक्षण विभाग, वित्त विभाग अशा टेबलांवरून फाइल फिरते. मान्यता आली की बिंदुनामावली तपासून घ्यायची, आणि मग जाहिरात. म्हणजे तुमच्या मोबाइलवर जाहिरात दिसते तेव्हा त्या पदाचा बराच प्रवास झालेला असतो. मधल्या काळात ते पद कागदावर रिकामं आणि वर्गात मुलं बसलेली, ही स्थिती कित्येक विभागांत वर्षं वर्षं राहिली आहे. मला ती अजूनही सवयीची झालेली नाही.

बिंदुनामावलीवर जरा थांबते, कारण मुलांना सगळ्यात कमी कळतं ते हेच, आणि सगळ्यात जास्त परिणाम होतो तोही हिचाच.

शंभर पदांमध्ये अमुक टक्के आरक्षण, हे वाक्य सोपं आहे. पण पदं शंभर एकदम भरली जात नाहीत. आज दोन, तीन वर्षांनी पाच, अशी भरली जातात. मग कुठलं पद कुणाचं, हे ठरवायला प्रत्येक पदाला क्रमांक देतात आणि त्या क्रमांकावर प्रवर्ग लिहून ठेवतात. तो एक क्रमांक म्हणजे एक बिंदू. केंद्राचं उदाहरण घ्या. तिथं इतर मागासवर्गाला २७ टक्के आरक्षण आहे. शंभराला सत्तावीसने भागलं तर ३.७ येतात, म्हणजे त्यांचा पहिला बिंदू चौथ्या पदावर. अनुसूचित जातींचे १५ टक्के, म्हणजे सातवं पद. अनुसूचित जमातींचे साडेसात टक्के, म्हणजे थेट चौदावं.

आता प्रश्न असा की ही मोजणी कुठून सुरू करायची? अख्खं विद्यापीठ एक धरून, की प्रत्येक विभाग वेगळा धरून? संस्कृतच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या विभागात मंजूर पदंच तीन असतील, तर विभागवार मोजणीत चौथा बिंदू वर्षानुवर्षं येत नाही. तिथं आरक्षण कागदावर राहतं आणि पदं मात्र सगळी खुली. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभागवार मोजणीच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसं परिपत्रक काढलं. ‘तेरा बिंदूंचं रोस्टर’ म्हणून तेव्हा देशभर जे आंदोलन झालं ते याच गणितावरून. अखेर २०१९ मध्ये संसदेने कायदा केला आणि केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी संपूर्ण संस्था हाच एकक ठरला. दोनशे पदांच्या विद्यापीठात त्यामुळे इतर मागासवर्गाला ५४, अनुसूचित जातींना ३० आणि जमातींना १५ पदं सरळ हिशेबात येतात. भागाकार एकच, मोजणीची जागा बदलली की शेकडो उमेदवारांचं भवितव्य बदलतं.

महाराष्ट्राची टक्केवारी वेगळी. अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती ब, क, ड अनुक्रमे २.५, ३.५ आणि २, विशेष मागास प्रवर्ग २, इतर मागासवर्ग १९. शिवाय आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना १० आणि २०२४ च्या कायद्यानुसार सामाजिक व शैक्षणिक मागासवर्गाला १०. जाहिरातीत ही नावं अजा, अज, विजा, भज, विमाप्र, इमाव, आदुघ अशी आखडून लिहितात आणि नवखा उमेदवार तिथंच गोंधळतो. महिला, दिव्यांग यांचं आरक्षण समांतर असतं, म्हणजे वरच्या प्रत्येक प्रवर्गाच्या आतून जातं. आणि ‘अराखीव’ म्हणजे सगळ्यांसाठी. राखीव प्रवर्गातल्या मुलांनी तिथं अर्ज करायचा नाही असा समज मी इतक्या वेळा ऐकलाय की आता पहिल्या भेटीतच सांगून टाकते: भरा.

सीमेवरच्या मराठी मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा असते. नेट देशभर चालते. सेट मात्र ज्या राज्याची, त्या राज्यापुरती. पुणे विद्यापीठ जी सेट घेतं ती महाराष्ट्र आणि गोवा या दोन्हींसाठी आहे, त्यामुळे पेडण्याची मुलगी तीच सेट पास होऊन मुंबईतही अर्ज करू शकते. बेळगावचा मुलगा कर्नाटकची सेट पास झाला असेल तर त्या प्रमाणपत्रावर कोल्हापुरात अर्ज करता येत नाही. त्याला नेट किंवा इथली सेट द्यावी लागते. आणि जातीचं आरक्षण राज्याच्या हद्दीत थांबतं. गोव्यातल्या किंवा कर्नाटकातल्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्राच्या विद्यापीठात राखीव जागा मागता येत नाही. अर्ज अराखीवमधून भरायचा.

पात्रतेबद्दलही धुरळा बराच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. सक्तीची होणार असं सांगितलं होतं, जुलै २०२१ पासून. कोरोनामुळे ती मुदत जुलै २०२३ वर गेली, आणि त्या मुदतीच्या तोंडावरच आयोगाने नियम बदलला: किमान पात्रता नेट किंवा सेट, पीएच.डी. ऐच्छिक. नियमानुसार पीएच.डी. झालेल्यांना मात्र नेट-सेटची सूट आहे. पदव्युत्तरला ५५ टक्के हवेतच, राखीव प्रवर्गांना त्यात पाच टक्क्यांची सूट. सहायक प्राध्यापकाला सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, भत्ते वेगळे.

‘ऐच्छिक’ हा शब्द वाचून मुलं निवांत होतात, म्हणून पुढचं गणित त्यांच्यासमोर कागदावर मांडते. मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवायला गुणांचा एक तक्ता आहे. समजा, एका मुलीला बी.एस्सी.ला ७२ टक्के आहेत, एम.एस्सी.ला ६४, पीएच.डी. झाली आहे, नेट आहे, तीन शोधनिबंध आणि शिकवण्याची दोन वर्षं. विद्यापीठाच्या तक्त्यात पदवीचे १३, पदव्युत्तरचे २३, पीएच.डी.चे ३०, नेटचे ५, निबंधांचे ६, अनुभवाचे ४. एकूण ८१. हिच्याच वर्गातल्या, बाकी सगळं तंतोतंत सारखं पण पीएच.डी. नसलेल्या मुलाचे ५१. अर्ज दोघांचेही पात्र. पण एका पदासाठी मोजक्याच उमेदवारांना बोलावणार असतील तर ५१ वाल्याला पत्र येईल का?

हाच अर्ज महाविद्यालयातल्या पदासाठी केला तर तक्ता बदलतो. तिथं पदवीला १९ मिळतात, पीएच.डी.ला २५ आणि नेटला ८. मुलीचे ८५ होतात, मुलाचे ६०. अंतर तिसावरून पंचवीसवर येतं. पीएच.डी. अर्धवट असलेल्यांनी आधी महाविद्यालयांच्या जाहिरातींकडे पाहावं असं मी म्हणते ते या आकड्यांमुळे. या तक्त्यात जेआरएफसह, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपसह, नेट असेल तर विद्यापीठाकडे ७ आणि महाविद्यालयाकडे १० गुण आहेत. इथं जेआरएफ म्हणजे परीक्षेतून मिळालेली. प्रकल्पावर ‘जेआरएफ’ म्हणून काम केलं त्याचे हे गुण नव्हेत. दोन्हींचं नाव एक असल्याने अर्जात हे चुकीचं भरलेलं मी पाहिलंय आणि छाननीत ते गुण उडालेलेही पाहिलेत.

२०१८ च्या नियमांप्रमाणे हे गुण फक्त बोलावण्यापुरते, निवड मुलाखतीवर. समितीत कुलगुरू, कुलपतींचा प्रतिनिधी, बाहेरचे तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख आणि राखीव घटकांतला किंवा महिला प्रतिनिधी असतो. मुलाखतीला किती आणि शैक्षणिक कामगिरीला किती वजन द्यायचं, याबाबत महाराष्ट्राने अलीकडे स्वतःचे निर्णय काढले आहेत. त्यामुळे जाहिरातीत ज्या शासन निर्णयाचा क्रमांक दिलाय तो शोधून वाचा, मागच्या वर्षी निवड झालेल्या मित्राचं ऐकून थांबू नका.

निबंधांबाबत एक कळकळीची विनंती. आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी ठेवली होती, तिचं कामकाज काही वर्षं पुणे विद्यापीठातूनच चालत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली. तेव्हापासून ‘दोन दिवसांत छापून देतो, अमुक रुपये भरा’ असे निरोप मुलांच्या मोबाइलवर आणखी वाढलेत. एका निबंधाला दोन गुण मिळतात हे खरं, पण मुलाखतीत तज्ज्ञ समोर बसलेले असतात आणि ते निबंध उघडून विचारतात. ज्या पानाचं उत्तर देता येणार नाही ते पान अर्जाला जोडू नका.

आता तारखेचा घोळ. माझ्याकडे येणारी एक मुलगी, घरची पहिलीच पदवीधर. तिची पीएच.डी.ची मौखिकी छान झाली, आईने गावात पेढे वाटले. पुढच्याच आठवड्यात जाहिरात आली. अर्जात तिने पीएच.डी.पुढं ‘पूर्ण’ लिहिलं. छाननीत नाव अपात्र, कारण नेट-सेट नव्हती आणि तिची सगळी पात्रता पीएच.डी.वरच उभी होती. मौखिकीनंतर विद्यापीठ अधिसूचना काढतं, मुलांच्या भाषेत नोटिफिकेशन, आणि पदवी धरतात ती त्या तारखेपासून. अर्जाची शेवटची तारीख होती शुक्रवार. तिचं नोटिफिकेशन निघालं त्यापुढच्या गुरुवारी. सहा दिवस. विभागातून परीक्षा विभागाकडे अहवाल जायला जे दिवस गेले, त्यात तिचा काहीच दोष नव्हता. तेव्हापासून माझ्याकडे कुणाची मौखिकी झाली की मी अभिनंदनाच्या पाठोपाठ विचारते, “अहवाल पोचला का परीक्षा विभागात? उद्या स्वतः जाऊन बघ.”

नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत, जात वैधता प्रमाणपत्र, सेवेत असणाऱ्यांसाठी ‘योग्य मार्गाने’ पाठवलेला अर्ज किंवा ना-हरकत, पीएच.डी. नियमानुसार केल्याचा दाखला, यांचंही तसंच. शेवटच्या तारखेला जे हातात आहे तेच धरतात. ऑनलाइन अर्ज भरून झाला की बहुतेक ठिकाणी त्याची छापील प्रत कागदपत्रांसह टपालाने पाठवायची असते, आणि ती कोणत्या तारखेपर्यंत पोचायला हवी ते जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात असतं.

दुसरी थैली प्रकल्पाची. एखाद्या प्राध्यापकाला विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग, वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआर किंवा सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर यांच्याकडून संशोधन प्रकल्प मिळतो. पूर्वीच्या एसईआरबीचं, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचं, काम आता २०२३ च्या कायद्याने आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन करतं. प्रकल्पाच्या पैशात माणसांसाठी वेगळी रक्कम असते आणि त्यातून प्रकल्प सहायक किंवा जेआरएफ नेमतात. इथं आकृतिबंध, वित्त विभाग यांचा संबंध नाही, म्हणून जाहिरात छोटी, मुदत दोन-तीन आठवड्यांची, कधी थेट मुलाखतच. ती वर्तमानपत्रात येत नाही. विभागाच्या पानावर येते आणि जाते. नेट किंवा गेट असलेल्याला जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता हा केंद्राचा दर आहे. दोन वर्षांनी कामाचा आढावा होऊन एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ संशोधन छात्र, झाल्यावर ४२,०००.

आता हीच रक्कम परीक्षेतून जेआरएफ मिळालेल्यालाही मिळते. मग फरक काय? परीक्षेची फेलोशिप विद्यार्थ्याची असते. मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत तो कुठल्याही मान्य विद्यापीठात, पटेल त्या मार्गदर्शकाकडे ती घेऊन जाऊ शकतो. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपही अशाच विद्यार्थ्याच्या नावावर असतात. प्रकल्पाची फेलोशिप मात्र प्रकल्पाच्या नावावर आहे. प्रकल्प तीन वर्षांचा असेल आणि तुम्ही दीड वर्ष उलटल्यावर रुजू झालात, तर तुमच्या वाट्याला उरलेलं दीडच वर्ष. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात. हा हिशेब रुजू होण्याआधी करायचा.

म्हणून मुलाखतीत प्रकल्पप्रमुखांना मोकळेपणाने विचारा: प्रकल्प कधी सुरू झाला, किती महिने उरले, पुढचा हप्ता आला आहे का, याच कामावर पीएच.डी.ला नोंदणी करता येईल का, आणि त्यासाठीची प्रवेश परीक्षा यंदा कधी आहे. चांगले मार्गदर्शक या प्रश्नांनी रागावत नाहीत, उलट मूल विचार करून आलंय हे त्यांना कळतं. हप्ता उशिरा आला की मानधनही थांबतं. पुण्यासारख्या शहरात खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे सांभाळून तीन-चार महिने काढता येतील एवढी शिल्लक किंवा आधार आहे का, हेही आधीच घरात बोलून घ्यावं.

तिसरी थैली सगळ्यात लहान आणि तिच्यावर जगणारी माणसं सगळ्यात जास्त ओढाताणीत. तासिका तत्त्व, म्हणजे सीएचबी. मंजूर पद भरलेलं नाही, पण वर्ग तर चालवायचे आहेत, म्हणून तासावर माणूस घ्यायचा. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचा काळ, उन्हाळा, यात काही नाही. जून-जुलैत पुन्हा मुलाखत, पुन्हा नवं पत्र. माझ्या ओळखीत नेट, पीएच.डी. दोन्ही असलेले, मुलांचे लाडके शिक्षक अशा पत्रांवर चाळिशी ओलांडून गेलेत. कुणी सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या गावी.

त्यात आणखी एक काटा आहे, तो जाहिरातीत लिहिलेला नसतो. सहयोगी प्राध्यापकासाठी पीएच.डी., आठ वर्षांचा अनुभव, सात शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण लागतात. तात्पुरत्या सेवेचा अनुभव यात धरायचा तर आयोगाची एक अट अशी आहे की त्या काळातलं एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावं. तासाच्या पैशांत एवढी रक्कम होणं शक्यच नसतं. म्हणजे जो माणूस कमी पैशात दहा वर्षं शिकवतो, त्याची ती दहा वर्षं वरच्या पदासाठी मोजायची वेळ आली की कमी पैशाचंच कारण आडवं येतं. हा नियम बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं. तोवर, सीएचबी करत असाल तर प्रत्येक वर्षाचं नेमणूक पत्र, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र आणि बँकेचं विवरण एका फाइलमध्ये ठेवत जा. सहायक प्राध्यापकाच्या अर्जात अनुभवाचे जे गुण आहेत ते मागताना हेच कागद लागतात, आणि दहा वर्षांनी ते कार्यालयात सापडतील याची खात्री धरू नका.

शिक्षकेतर पदांचं थोडक्यात सांगते. कनिष्ठ लिपिकाला पदवी आणि टंकलेखनाचं प्रमाणपत्र, मराठीला मिनिटाला ३० शब्द, इंग्रजीला ४०. सहायक कुलसचिवाला ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी. हे पद संशोधनात रस नसलेल्या पण शिकलेल्या मुलांनी नजरेआड करू नये. मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं, म्हणजे सहायक प्राध्यापकापेक्षा सोळाशेच कमी. प्रयोगशाळा सहायक, तंत्रज्ञ, ग्रंथालयातली पदं यांत मात्र थैली बघायला विसरू नका. तेच पद मंजूर असेल तर वेतनश्रेणी, आणि विद्यापीठ स्वतःच्या निधीतून भरत असेल तर ठोक मानधन आणि अकरा महिन्यांचा करार. अकरा महिने झाले की एक-दोन दिवसांचा खंड आणि मग नवा करार. त्या दोन दिवसांत सेवेची सलगता तुटते.

नोटिफिकेशन सहा दिवसांनी हुकलेली ती मुलगी यंदा सेटला बसली होती. निकालाच्या दिवशी तिने मला प्रमाणपत्राआधी तीन पानांची एक जाहिरात पाठवली. पहिल्या पानावर तिने लाल पेनाने दोन ठिकाणी गोल केले होते: एक शेवटच्या तारखेला आणि एक ‘मंजूर अनुदानित पद’ या शब्दांना.